भिंती कुटून घातलेलं शेत

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर पाच बाटल्या आहेत. लोणच्याच्या बाटल्या, पण आत माती. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर माझ्या अक्षरात 'पहिलं वर्ष', 'दुसरं वर्ष' असं पाचव्यापर्यंत लिहिलेलं. आल्यागेल्याने विचारलं की मी सांगते, शाळेचं काही जुनं सामान. मी आयुष्यभर बडोद्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे उत्तर खपून जातं.

खरं उत्तर असं, की ती एका शेताची माती आहे. ते शेत आता नाही. ते माझ्यामुळे गेलं, आणि हे वाक्य मी अजून घराबाहेर कुणाजवळ बोललेलं नाही.

पाणीगेटच्या गल्ल्यांत राहणारी आम्ही अकरा मराठी कुटुंबं. मोकळ्या हवेच्या हौसेने आम्ही शहराबाहेर पादरा गावाच्या रस्त्याला जमीन घेऊन सोसायटी बांधली. हे, म्हणजे माझे यजमान, बांधकामावर सुपरवायझर होते. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून 'हे'. तिथली वरची भुसभुशीत गोराडू माती, जिच्यात वांगी आणि तोंडली निघायची, ती ह्यांनीच खरवडून काढली. वर मुरूम पसरला, पाणी मारलं आणि दिवसदिवस रोलर फिरवला. "घर एक सूतभर खचणार नाही," असं हे सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे. आणि खरंच, घरं खचली नाहीत. माणसंच राहिली नाहीत. बोअरचं पाणी इतकं खारट झालं की त्यात तुरीची डाळ शिजेना. मुलं पुण्याला नाहीतर कॅनडाला गेली, आईवडील शहरात परतले. एकेका घराला कुलूप लागलं, मग कुलपं फुटली, मग खिडक्या चोरीला गेल्या. शेवटून दुसरं घर बंद झालं तेव्हा आम्ही दोघंही सामान बांधून पाणीगेटला दोन खोल्यांत परत आलो.

मग एकदा गोडाऊन बांधणारा आला. त्याला सपाट, दाबलेली, कागदावर बिनखेती, म्हणजे बिगरशेती, झालेली जमीन हवी होती, आणि आमची तर तयारच होती. लहरीपुऱ्याला एका सभासदाच्या दुकानावरच्या खोलीत सगळे जमले. सगळ्यांच्या माना होकारार्थी हलत असताना हे उभे राहिले. चारचौघांत बोलणारा हा माणूस नव्हे. म्हणाले, "ही जमीन मी मारलीय. मला ती परत शेत करून देऊ द्या." मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. तोपर्यंत मला वाटायचं, निवृत्तीनंतर ह्यांना नुसता कंटाळा आलाय.

आमच्यात सगळ्यांत वयस्क जे काका होते, त्यांनी तोडगा काढला. पाच वर्षं द्यायची. पाच वर्षांत माती सुधारली तर जमीन शेतीची, सगळ्यांची मिळून. नाही सुधारली तर गोडाऊन. "पण सुधारली की नाही ते समजणार कसं?" कुणीतरी विचारलं. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई आहेत ने! त्या तपासतील." मला फार बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला काम दिलं होतं.

मातीचा जीव मोजायचा तर तिच्यातला सेंद्रिय कर्ब मोजतात. पानं, मुळं, शेण कुजून जे मागे उरतं त्यातला हा कर्ब. तो असला की माती ओल धरते, मुठीत दाबली की गोळा होते, गांडुळं येतात. नसला की ती नुसती धूळ. माझी पद्धत सोपी होती. शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुनी विजेची भट्टी होती, ती वापरायला मला ओळखीवर परवानगी मिळाली. माती वाळवायची, वजन करायचं, भट्टीत लालभडक होईस्तोवर तापवायची, पुन्हा वजन करायचं. जळून जेवढं वजन घटलं तेवढा सेंद्रिय माल, आणि त्यावरून कर्बाचा हिशोब. भट्टीचं बटण बिघडलेलं होतं, ती एकदम पूर्णच तापायची. मी म्हटलं, बरंच आहे, काम लवकर होईल.

पहिल्या वर्षी आकडा आला तो दशांश चिन्हाच्या पलीकडेच रेंगाळत होता. अपेक्षाच तेवढी होती. पहिली बाटली भरून ठेवली.

घरं एकदम पाडता आली नाहीत. प्रत्येकाची संमती वेगळी, सवड वेगळी. दरवर्षी दोनतीन घरं पडायची. ज्यांचं घर पडणार ते आदल्या दिवशी यायचे, आणि इथेच आमचं घोडं अडायचं. दारं, फरश्या, मोरी, सगळं ट्रॅक्टरमधून कुठेही जाऊ दे, त्याला ना नव्हती. पण देवघराची भिंत मलब्यात टाकायला एकही घर तयार होईना. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, दर दसऱ्याला काढलेलं स्वस्तिक होतं. पहिल्या घरातल्या वहिनी भिंतीला हात लावून म्हणाल्या, "ही भाऊजींच्या शेतातच जाऊ दे. कचऱ्यात नको." ह्यांना नाही म्हणता आलं नाही. मजुरांकडून ती भिंत फोडून घेतली, मोगरीने कुटून तिची पूड केली आणि मी स्वतः चाळणीने चाळली. हात जोडून आम्ही ती शेतात पसरली. ते पाहून दुसऱ्या घरालाही तसंच हवं झालं. पुढे देवघरापाशीही थांबेना. कुणाला मुलांच्या उंचीच्या रेघा मारलेली भिंत शेतात हवी, कुणाला आई गेली त्या खोलीचा गिलावा. दर दिवाळीला चुन्याची सफेदी मारलेल्या त्या भिंती, थरावर थर. आम्ही कुटत राहिलो. मला आठवतं, त्या पांढऱ्या पुडीने माझ्या पापण्या भरायच्या आणि मला पूजा केल्यासारखं वाटायचं.

बाकी शेतात ह्यांनी जे केलं ते मी शब्दांत आणू शकत नाही. साठी उलटलेला माणूस रोज सकाळी स्कूटरवर पादऱ्याच्या रस्त्याला जायचा आणि आपणच दाबलेली जमीन फोडायचा. कुदळ उडायची, हात सोलून निघायचे. शेण आणलं, लग्नाच्या वाड्यांमधून, म्हणजे कार्यालयांतून, पत्रावळी आणल्या, लहरीपुऱ्याच्या फुलवाल्यांकडून कोमेजलेले हार पोत्यांनी आणले. ताग पेरून तो हिरवाच जमिनीत गाडला. आणि तरी पिकं हसायची आमच्यावर. तूर गुडघ्यावर यायची नाही. गवारीची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेजारचा शेतकरी बांधावर उभा राहून बघायचा. चांगला माणूस होता, टिंगल करायचा नाही. एकदा पिवळं पान चुरगळत मला म्हणाला, "बेन, आ माटी नथी, मलबो छे." मी त्याला माती तपासण्याबद्दल दहा मिनिटं व्याख्यान दिलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

कारण माझा आकडा चढत होता. पीक काही का म्हणेना, दुसऱ्या वर्षी आकडा वाढला, तिसऱ्या वर्षी आणखी, चौथ्या वर्षी तर मी दोनदा वजन केलं. दर दसऱ्याला सभा व्हायची, मी उभी राहून आकडा वाचायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. परतताना स्कूटरवर मागे बसून मी ह्यांना म्हणायची, "पिकाला वेळ लागतो, कर्ब खोटं बोलत नाही." हे त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवायचे. हा माणूस त्या आकड्यावर जगतोय हे मला दिसत होतं. त्याचा मला अभिमान वाटायचा, हे लिहिताना आता लाज वाटते.

पाचव्या वर्षी सभासद म्हणाले, निर्णयाचं वर्ष आहे, बाईंच्या आकड्याबरोबर बाहेरच्या प्रयोगशाळेचाही एक कागद असू दे. मी म्हटलं, खुशाल. पाचव्या वर्षाच्या मातीतलीच थोडी पिशवीत घालून दिली. पंधरा दिवसांनी कागद आला. मी आधी चष्मा पुसला. मग कागद उलटून पाहिला. त्यांचा आकडा माझ्या पाचव्या वर्षाच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. तो जवळजवळ तोच होता, जो मला पहिल्या वर्षी मिळाला होता.

पाच वर्षं, आणि आपण होतो तिथेच. मग माझा चढता आकडा आला कुठून?

उत्तर मला तिथेच, कागद हातात असतानाच सुचलं आणि मी खुर्चीत बसले. चुना. भिंतीवर सुकलेला चुना म्हणजे चुनखडीच, आणि ती लालभडक तापवली की तिच्यातून वायू निघून जातो आणि वजन घटतं. हे मी किती वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिलं, पाठ करून घेतलं, चुकलं तर वर्गाबाहेर उभं केलं. भट्टीत माझी माती जळत नव्हती, आमच्या भिंती जळत होत्या. जसजशी घरं पडत गेली, तसतसा माझा आकडा चढत गेला.

मी पाचव्या बाटलीतली चमचाभर माती बशीत घेतली. मोरीतलं ॲसिड आणून वर दोन थेंब टाकले. बशीतली माती फसफसून वर आली. आवाज ऐकून हे बाहेरच्या खोलीतून आले. मी काही सांगायची गरज पडली नाही. फरशी बसवल्यावर तिच्यावरचे चुन्यासिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारतात, तेव्हा असाच आवाज होतो. हा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता. बशीकडे बघत ते म्हणाले, "ही तर भिंत आहे."

"हो," मी म्हटलं.

"सगळीच?"

"आकडा तरी सगळा तोच."

ते परत बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते शेतावर गेले नाहीत. जेवायला बोलावलं तर यायचे, पानावर बसायचे, भात कालवायचे आणि उठायचे. मी दोनदा भांडण काढून पाहिलं, म्हटलं, मला दोष तरी द्या. देईनात. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "सभेत काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते."

"आणखी एक वर्ष मागता येईल का? चुन्याचं नंतर सांगितलं तर?"

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मी अर्ध्या मार्काचीही लबाडी कधी चालवून घेतली नाही. आता पाच वर्षांची चालवू?" ह्यांनी मान हलवली आणि उरलेला चहा संपवला. मला त्या क्षणी स्वतःचं कौतुकच वाटलं असणार. माझा स्वभावच तसा आहे, चूक कबूल करतानाही मी वर्गात पहिली यायला बघते.

सभेत मी उभी राहिले आणि चुन्याचं सगळं समजावून सांगितलं. देवघराच्या भिंतीचं सांगत होते तेव्हा त्या पहिल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. काकांनी विचारलं, "म्हणजे बाई, पाच वर्षांत मातीत काहीच पडलं नाही?"

"नाही. पहिल्या वर्षी होती तिथेच आहे."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," मी दुसऱ्यांदा म्हटलं, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

मला कुणी बोल लावला नाही. उलट दोघातिघांनी माझ्या खरेपणाचं कौतुक केलं. गोडाऊनच्या बाजूने ज्यांचं मत त्यांनी हात वर करा, असं काका म्हणाले. हात वर झाले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचाही हात वर होता. तळव्यावरचे घट्टे मला बसल्या जागेवरून दिसत होते.

महिन्याभरात सह्या झाल्या. त्यानंतर एका सकाळी ह्यांना शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला, "काका, रोलर आव्युं छे." हे लगेच निघाले. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. दुपारी परत आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "पाणी न मारताच रोलर फिरवतायत. खचेल ते." एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी शेजारी बसून होते. पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.

त्यानंतर घरात राहणं अशक्य झालं. आम्ही दोघंही एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून जपून चालायचो. एके दिवशी मी ठरवलं, आणि ह्यांना सांगितलंही, की त्या बाटल्या धुऊन टाकायच्या, डोळ्यांसमोर नकोत. खाली काढल्या. आणि मग खोड, दुसरं काय. कुठल्या वर्षी किती भिंत होती ते तरी बघू म्हणून पाच बशा मांडल्या आणि प्रत्येकीत ॲसिडचे थेंब टाकले. पाचवी फसफसली, चौथी फसफसली, तिसरी, दुसरी. पहिलीही फसफसली.

पहिलीने फसफसायला नको होतं. पहिली बाटली भरली तेव्हा एकही देवघर कुटलेलं नव्हतं. मी बशीकडे बघत राहिले आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं. देवघरं नव्हती कुटली, पण ओसाड घरांचे गिलावे कित्येक वर्षं गळून त्या जमिनीत मुरतच होते. म्हणजे माझा पहिल्या वर्षाचा आकडाही चुन्याचाच. आणि प्रयोगशाळेच्या आकड्यात चुना धरलेला नव्हता, त्यांची रीत वेगळी. मी माझ्या चुन्यासकटच्या पहिल्या आकड्याशेजारी त्यांचा बिनचुन्याचा पाचवा आकडा ठेवला, दोन्ही सारखे दिसले, आणि भर सभेत सांगून टाकलं की काहीच वाढलं नाही.

मी पाचही बाटल्या पिशवीत घालून शाळेत गेले. प्रत्येक मातीतला चुना आधी ॲसिडने घालवला, पाण्याने पाचसहा वेळा धुतली, वाळवली आणि मग भट्टीत घातली. हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. करायला दोन दिवस लागतात, जास्त नाही.

पहिल्या बाटलीत कर्ब नव्हताच म्हटलं तरी चालेल. ती मेलेली माती होती, ह्यांनी मारलेली. दुसरीत किंचित होता. तिसरीत त्याहून थोडा जास्त. चौथीत त्याहून. पाचवीत माझा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याला येऊन मिळाला. आकडे लहानच होते, टाळ्या पडाव्यात असे मुळीच नव्हते. पण पाचही आकडे एकाखाली एक लिहिले तर ते पायऱ्यांसारखे चढत होते. ते शेण, ते हार, त्या पत्रावळी, तो गाडलेला ताग. माती सुधारत होती. पहिल्या दिवसापासून सुधारत होती.

मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून रडले. शाळेत मी कधी रडले नव्हते.

रिकाम्या वर्गांसमोरून चालत घरी आले. वाटेत ठरवलं होतं की सांगायचं नाही. आता सांगून काय उपयोग, तिथे रोलर फिरून गेलाय, पाया खणताहेत. एकदा चुकीचं सांगितलं, आता निदान गप्प बसावं. बाटल्यांमध्ये उरलेली माती होती, त्या मी परत फळीवर ठेवल्या. हे दारात उभे राहून बघत होते.

"धुणार होतीस ने?" म्हणाले.

"राहू देत."

"का?"

मी ओट्याकडे तोंड करून चहा टाकला. साखर दोनदा टाकली हे मला दिसत होतं, तरी हात थांबेना. चहा त्यांच्या हातात दिला. ते माझ्याकडेच बघत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मला त्यांच्यापासून काही लपवता आलेलं नाही.

"होतं का गं मातीत काही?" त्यांनी विचारलं.

"होतं," मी म्हटलं. "दरवर्षी थोडं थोडं. वाढत होतं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. गोडमिट्ट झाला असणार. कपबशी ओट्यावर ठेवली, खुंटीवरची टोपी घातली, स्कूटरची किल्ली घेतली आणि रोज सकाळी जायचे तसे झपझप दारापर्यंत गेले. चपलेत एक पाय घातला. मग तसेच, चौकटीला धरून उभे राहिले.